चूल थंड, तवा गरम

मी एक जुना लोखंडी तवा आहे. मलकापुरात, रेल्वेच्या फाटकापलीकडे, एका स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला खिळ्यावर लटकलेला. मित्रांनो, माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून ठेवतो. ज्याची पाठ जन्मभर जाळाकडे असते, त्याला मागे काय चालले आहे याची शंका आल्यावाचून कशी राहील? लाकूड कोण आत सारतो आहे, फुंकर कोण घालतो आहे, कोणाच्या मनात आज किती विस्तव आहे, हे सारे मला केवळ चटक्यावरून ओळखावे लागे. पाहून खात्री करण्याची सोय मला नव्हती.

माझा जन्म धामणगाव बढ्याच्या बाजारात एका पालाशेजारी झाला. तेव्हा महाराष्ट्र राज्य नवे होते. घिसाड्याने मोडीतला एक जाड पत्रा भट्टीत लाल केला आणि सांडशीत धरला. घण मात्र त्याच्या बायकोने चालवला. प्रत्येक घावाआधी तिच्या बांगड्या खणखणत, मग क्षणभर काहीच ऐकू येत नसे, आणि मग घाव बसे. त्या क्षणभराच्या शांततेने मला पुढच्या आयुष्यासाठी तयार केले. शांततेनंतर काहीतरी कोसळते, हे मी तेथेच शिकलो.

मला विकत घ्यायला आल्या त्या रुखमाबाई. त्यांनी मला उलटेसुलटे केले, कानाशी धरून बोटाने तीनदा वाजवले आणि विचारले, "याच्यात चीर त नाई ना?"

"चीर निघाली त पुढच्या बाजारी परत आना, बाई," घिसाडीण म्हणाली.

"आन पुढच्या बाजारी तुमचं पाल इथी असन काय?"

घिसाडीण हसली. रुखमाबाई हसल्या नाहीत. पण त्यांनी मला घेतले. तव्याला तवा ओळखतो म्हणा ना. मला त्या बाई पहिल्या दिवसापासून कळल्या.

घरात रुखमाबाई धरून पाच माणसे होती. रुखमाबाईंचे यजमान वामनराव पेन्शनीत निघालेले शाळामास्तर. ते ओसरीवर बसत आणि आत येत ते फक्त जेवायला. मुलगा सुधाकर कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून. सून शरयू साखरखेर्ड्याची. आणि शरयूची मुलगी पद्मजा, जिला सगळे पद्मी म्हणत.

मित्रांनो, ताजी भाकर कोणीही भाजून दाखवील. तव्याची आणि माणसाची खरी कसोटी लागते ती उरलेले अन्न गरम करताना. शिळे अन्न फसवे असते. वरून ते चटकन ऊन होते आणि पोटात तसेच गार राहते. घाई करावी तर बाहेरून करपते. भीत भीत करावे तर वातड होते. त्या घरात दोन बायका होत्या आणि दोघींच्या दोन रीती. रुखमाबाई ज्वारीच्या शिळ्या भाकरीवर ओल्या बोटांनी पाणी शिंपडत, मला नुसत्या निखाऱ्यावर ठेवत आणि वरून पितळी ताट झाकत. पाण्याची वाफ होई आणि काल रुसलेली भाकर हळूहळू मऊ पडे. शरयू शिळी भाकर कुस्करून कांदा-मिरचीच्या फोडणीत परतत असे. भाकरीपुरते दोघींचे भांडण नव्हते. भांडण होते ते पुरणपोळीवरून.

"पाण्यानं पोळीचं चामडं होतं, आत्याबाई," शरयू म्हणे. "तुपाचं एक बोट कडेनं फिरवावं, फडक्यानं दाबावं."

"आमी नुसतं ताट झाकतो. पोळी पोळीच राह्यते. तुमच्याकडं पोळी खातात का तूप खातात, मले अजून समजलं नाई."

दोघींच्याही हातची पोळी उत्तम ऊन होई, हे मी सांगू शकतो, कारण दोन्ही पोळ्या माझ्याच अंगावर झाल्या. आणि हात हा अक्षरासारखा असतो. माझ्या डोळ्यांवर पट्टी बांधली असती तरी कोणती पोळी कोणी ठेवली, हे मी पहिल्या चटक्याला सांगितले असते.

आता त्या श्रावणाची गोष्ट. श्रावणात मला दोन दिवस विसावा मिळे. नागपंचमीला त्या घरी तवा चुलीवर चढत नसे. दिंडे उकडून खात. मधल्या षष्ठीला मी सकाळपासून तापलेलाच असे, कारण सप्तमीचा स्वयंपाक त्याच दिवशी करून ठेवायचा. आणि शिळासप्तमीला घरात विस्तवच पेटत नसे. चूल सारवून तिच्यावर रांगोळी काढत, हळदकुंकू वाहत, आणि दिवसभर कालचे गार अन्न खात. हा शीतलादेवीचा दिवस. देवीचा कोप लेकरांच्या अंगावर उमटतो, अशी रुखमाबाईंची पक्की समजूत होती. त्यांच्या माहेरची दोन भावंडे देवीच्या आजारात गेली होती. त्यामुळे हा नियम त्यांच्यासाठी नुसता नियम नव्हता.

त्या वर्षी पंचमीपासून पद्मीला ताप होता. षष्ठीला पोळ्या लाटता लाटता शरयू म्हणाली, "आत्याबाई, तापातल्या लेकराला उद्या गार कसं घालायचं?"

"आमच्या घरी सप्तमीले इस्तू पेटत नाई. तुमच्या साखरखेर्ड्याले पेटत असन."

"तिकडं पण पेटत नाही. पण लेकरू आजारी असलं, तर..."

"तर काय?"

शरयूने पुढची पोळी माझ्यावर टाकली. मित्रांनो, ते न दिलेले उत्तर रुखमाबाईंनी जपून ठेवले. संशयी माणूस बोललेले विसरतो, पण न बोललेले कधीच विसरत नाही.

सप्तमीच्या सकाळी दोघी गल्लीच्या विहिरीवर पूजेला गेल्या. शेजारच्या झुंबरबाई त्यांच्याबरोबर होत्या. सुधाकर कामावर गेला होता. घरी उरले वामनराव आणि खाटेवर पद्मी. मी खुंटीला लटकून होतो, सुखाने गार.

पद्मी जागी झाली. "आबा, ऊन पोळी," ती म्हणाली.

वामनरावांनी गार पोळीचा तुकडा दुधात बुडवून दिला. तिने मान फिरवली. त्यांनी गोष्ट सांगितली, पाढे म्हणून दाखवले. "ऊन पाह्यजे," एवढेच ती पुनःपुन्हा म्हणत राहिली, आणि मग तेही म्हणेनाशी झाली. बहुधा त्या शांततेलाच मास्तर भ्याले.

त्यांचा हात माझ्यापाशी आला तेव्हा मी दचकलो. इतक्या वर्षांत त्या हाताने मला कधी शिवले नव्हते. पाटी धरावी तसे त्यांनी मला कडेला धरले. चुलीपुढे ते बराच वेळ उभे राहिले, रांगोळीकडे पाहत. चुलीला त्यांनी हात लावला नाही. परसात जाऊन तीन विटा मांडल्या, त्यांत कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या कोंबल्या आणि काडी ओढली. चूल पेटली नाही म्हणजे नियम मोडला नाही, असा हिशेब त्यांनी मनाशी मांडला असावा. मास्तरच ते, पळवाट काढली तीही व्याकरणशुद्ध.

पण पऱ्हाटीला निखारा धरवत नाही. ती भडकते आणि संपते. मी पाठीवर असा जाळ कधी सोसला नव्हता. त्यांनी कोरडी पोळी माझ्या मधोमध टाकली आणि तशीच राहू दिली. तूप नाही, झाकण नाही, उलटणे नाही. पोळी फाटली, पुरण बाहेर आले, गूळ उकळून माझ्या अंगाला चिकटला आणि जळून काळा झाला. मास्तर घाबरले. त्यांनी पोळीच्या कडा तेवढ्या सोडवून घेतल्या, फुंकून फुंकून निववल्या आणि पद्मीला भरवल्या. ती तापाच्या ग्लानीतच चार घास जेवली आणि झोपली. पोळीचा करपलेला गाभा त्यांनी कुंपणापलीकडे टाकला, विटा विखरून दिल्या. भुरभुर पाऊस आला आणि राख चिखलात मिसळून गेली. मला धोतराच्या सोग्यात धरून त्यांनी पुन्हा खुंटीला अडकवले. तसाच, गरम. तवा हळूहळू निवतो, हे ज्याने कधी स्वयंपाक केला नाही त्याला कसे ठाऊक असणार?

मुलीच्या काळजीने शरयू विहिरीवरून आधी परतली. पद्मी झोपलेली पाहून ती तिच्या उशाशी बसली. थोड्या वेळाने रुखमाबाई आल्या, त्यांच्यामागून झुंबरबाई.

"कवा ते ध्यानात नाई राह्यलं, पन तुमच्या परसातून धूर दिसला बाई मले," झुंबरबाई म्हणाल्या. "म्हनलं, आज आन धूर?"

रुखमाबाई थेट चुलीपाशी गेल्या. रांगोळी जशीच्या तशी होती. त्यांनी हाताची मागची बाजू चुलीला लावली. गार. मग माझ्याकडे आल्या आणि मलाही तसाच हात लावला. हात लगेच मागे घेतला.

"चूल थंड, तवा गरम," त्या म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता. "शरयू, इकडं ये."

शरयूने येऊन मला हात लावला. तिचा चेहरा उतरला. "मी नाही केलं, आत्याबाई. मी आत्ताच तर आले."

"तू आली तवा घरात कोन होतं?"

"मामंजी ओसरीवर होते."

"मास्तर चुलीपाशी कवा येतात काय? कालच म्हनून राह्यली होती ना तू, लेकराले ऊन पाह्यजे म्हनून?"

"म्हणाले होते. केलं नाही."

"इटाबी मांडता येतात परसात. चूल इटाळली नाई म्हून देवीच्या डोळ्यांत धूळ पडते काय?"

ओसरीवर वामनराव वर्तमानपत्र वाचत होते. भिंत पातळ होती. पान उलटल्याचा आवाज मला ऐकू येत असे. त्या वेळी बराच वेळ पान उलटले नाही. आता ते उठतील असे मला वाटले. मग पान उलटले.

दुपारी पद्मीच्या पोटावर तांबडे ठिपके दिसू लागले. रुखमाबाई देवीपुढे बसून राहिल्या. त्यांनी एकच हुकूम सोडला. "तव्याले कोनी घासू नका. हाये तसा राहू द्या." आरोपीला पहाऱ्यात ठेवावे तसा मी खुंटीवर होतो, अंगावर जळक्या गुळाची खपली घेऊन.

संध्याकाळी सुधाकर आला. रुखमाबाईंनी त्याला कागद-दौत घेऊन बसवले. "हिच्या भावाले लिह्य. मार्तंडराव, येऊन बहिनीले घेऊन जा. पद्मी इथीच राहीन, बरी होईस्तोर आन मंगबी."

"माय, उद्या पाहू. तिले विचारू तर दे."

"मी विचारलं. तू लिह्य."

सुधाकरने लिहिले. त्याचे अक्षर सुरेख होते. त्या दिवशी ते मोत्यासारखे अक्षर मला अतिशय कुरूप वाटले. शरयू पद्मीच्या कपाळावर ओले फडके ठेवत होती आणि प्रत्येक ओळ ऐकत होती. आपल्याविरुद्धचे पत्र आपल्याच नवऱ्याच्या हातून लिहिले जाताना ऐकणे काय असते, ते मला सांगता येणार नाही. मी फक्त इतके पाहिले, की फडके पिळताना तिने ते इतके पिळले, की त्यात थेंबही उरला नाही.

दुसरा दिवस अष्टमीचा. सकाळी चूल पेटली. सुधाकर सदऱ्याच्या खिशात पत्र घालून निघण्याच्या बेतात होता. स्टेशनावरच्या पेटीत ते टाकायचे होते. पद्मीची चौकशी करण्याच्या निमित्ताने झुंबरबाई येऊन दाराशी टेकल्या होत्या. तेवढ्यात शरयूने मला खुंटीवरून काढले आणि सासूपुढे धरले.

"आत्याबाई, पत्र पेटीत पडायच्या आधी हे बघा. ही खपली माझ्या हातची आहे का?"

"हात कोनाचाबी घसरते."

"मग बघा कसा घसरतो. उरलेल्या पोळ्या आहेत, चूल पेटलीय."

तिने मला चुलीवर असे ठेवले की मधली खपली सोडून माझी स्वच्छ कड पुढे आली. लाकडे मागे सारली, निखारे पुढे ओढले. तुपाचे एक बोट पोळीच्या कडेने फिरवले, फडक्याने हलके दाबले, एकदाच उलटली. पोळी फुगली, पुरणाचा वास सुटला, आणि तिने ती उतरवली. माझ्या अंगावर नवा डाग नव्हता.

रुखमाबाई पाहत होत्या. त्या खाली बसल्या, दुसरी पोळी ठेवली, ताट झाकले, मनातल्या मनात काही मोजले आणि ताट उचलले. पोळी लुसलुशीत होती. डाग नव्हता. त्यांनी माझ्यावरच्या खपलीवरून बोट फिरवले. खपली मधोमध होती. झाकण न ठेवता, तूप न लावता, जाळावर, मधोमध, आणि एका बाजूने. ज्या हाताने आयुष्यात एकदाही पोळी उलटली नाही, त्याच हाताचे हे काम होते. ते त्यांना कळले, आणि त्यांना कळले हे मला कळले.

"आता घरात राह्यलं कोन?" झुंबरबाई म्हणाल्या. "मांजर?"

रुखमाबाईंनी पदर सावरला. "झुंबरबाई, तुमी आता घरी जा."

"काऊन?"

"जा म्हनते ना."

"बसू द्या आत्याबाई," शरयू म्हणाली. "काल धूर यांनीच पाहिला. आज बाकीचं पण पाहू द्या."

कोणी ओसरीकडे पाहिले नाही. पण ओसरीवरून काठीचा आवाज आला आणि वामनराव आत आले. ती जेवणाची वेळ नव्हती. ते चुलीपुढे पाटावर बसले. कोपऱ्यातल्या पऱ्हाट्यांची एक मूठ त्यांनी उचलली आणि चुलीत घालू लागले.

"राहू द्या," रुखमाबाई म्हणाल्या. "समजलं मले."

मास्तरांनी पऱ्हाट्या खाली ठेवल्या. "परसात पेटवलं होतं. चुलीला हात लावला नाही. पद्मीनं ऊन पोळी मागितली."

सुधाकर दारात उभा होता. "बाबा, काल मी पत्र लिहीत होतो तवा तुमी तिथंच बसले होते."

"होतो."

"मी पत्ता लिहिताना अडकलो, तवा तुमीच सांगितलं. तालुका सिंदखेडराजा लिह्य म्हनून."

"हो," वामनराव म्हणाले. त्यांनी खाली पाहिले. मग शरयूकडे वळून, जणू एखाद्या साहेबापुढे उभे असावे तशा स्वरात ते बोलले. "सूनबाई, मला वाटलं, दोन दिवसांनी सगळं निवेल."

"निवलं असतं, मामंजी," शरयू म्हणाली. "मी साखरखेर्ड्याला असते आन पद्मी इथं."

रुखमाबाई उठल्या. सुधाकरच्या खिशातून पत्र काढून त्यांनी चुलीत घातले. ते पुरते जळेपर्यंत उभ्या राहिल्या. मग शिंक्यावरची तुपाची वाटी उतरवून शरयूच्या गुडघ्याशी ठेवली. "आजपासून पोळी तुपानंच ऊन कर," त्या म्हणाल्या. क्षमा मागण्याची त्यांच्याजवळ तेवढीच भाषा होती. शरयूने वाटी जवळ ओढली नाही आणि दूरही सारली नाही.

वामनराव उठू लागले तेव्हा ती म्हणाली, "उठू नका. लाकडं मागं सारा. जाळावर नाही, निखाऱ्यावर. आता पोळी ठेवा. नुसती बघत बसू नका, कडा सुटल्या की उलटा."

मास्तरांनी पोळी उलटली. पोळी फाटली नाही.

"पह्यल्या यत्तेत पास झाले," झुंबरबाई म्हणाल्या, आणि रुखमाबाईंनी एकवार पाहताच पदर तोंडाला लावला.

"हसू नका. काल किती घरी सांगितलं तुमी?"

"जास्त नाई. सात घरी."

"मंग आज साती घरी जा आन सांगून या, इस्तू मास्तरनं पेटवला. एकबी घर सोडू नका."

झुंबरबाई गेल्या. त्यांना एवढे अवघड काम आयुष्यात कोणी सांगितले नसावे. पद्मीचा तो गोवर निघाला, आठवड्यात उतरला. त्यानंतरचे दोन दिवस रुखमाबाई देवीपुढे हात जोडून पुटपुटताना मी ऐकले. "चूल त थंडच होती, माय," असे काहीसे. मास्तरांची पळवाट शेवटी त्यांच्याही उपयोगी पडली.

पुढे त्या घरात माझे कौतुक झाले. या तव्यानं खरं सांगितलं, असे रुखमाबाई पाहुण्यांना सांगत. मी काही सांगितले नव्हते. मी केवळ डाग धरून ठेवला होता. पण कौतुकाचाही मला संशयच येतो, आणि तो खरा ठरला. रॉकेलचा स्टोव्ह आला, त्याच्याबरोबर जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, हलका, चकचकीत तवा आला. त्याच्यावर पोळी पटकन ऊन होते म्हणतात. वरून होत असेल. आतले त्याला कोणी विचारलेले नाही. मी स्वयंपाकघराच्या बाहेर गेलो, भिंतीवर, पागोळ्यांखाली. पहिल्या पावसाळ्यात माझ्या कडेला तांबूस ठिपके उठले. गंज बाहेरून येतो असे लोक समजतात. मला तसे वाटत नाही. तो दुर्लक्षातून येतो आणि मग बाहेर दिसतो.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखा एखादा असेल. त्याला मोडीत घालू नका. मीठ आणि राखेने घासा, कोरडा पुसा, तेलाचा हात फिरवा, मंद विस्तवावर तापवा. तो पुन्हा कामाला येईल. उरलेली पोळी टाकू नका, तिला घाईने जाळूही नका. निखाऱ्यावर, धीराने, पोटापर्यंत ऊब पोचू द्या.

आणि आणखी एक मागणे आहे. कधी तुमच्या घरात कोणा एकावर ठपका ठेवला जात असेल, आणि खरे काय ते तुम्हाला ठाऊक असेल, तर भिंतीपलीकडे बसून पान उलटू नका. सप्तमीच्या त्या सबंध दिवसात खरे ठाऊक असणारे आम्ही दोघेच होतो, मास्तर आणि मी. मला वाचा नव्हती.